वाळवलेले रक्त घेण्यास माझी हरकत

माझ्या उजव्या हाताकडे पाहून लोक आधी हळहळतात आणि मग सल्ला विचारतात. हळहळ मला नको आहे. ती त्यांनी जाताना बरोबर न्यावी. सल्ला मात्र मी देतो, कारण देहूरोडच्या बाजारात भाजण्या-पोळण्यावर सल्ला देणारे जे इतर इसम आहेत, त्यांच्यापैकी एकाचेही कातडे कधी जळालेले नाही.

लष्करी डेपोच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली बसून मी वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. नोकरीचे, बदलीचे, वारसाचे, सासरच्या जाचाचे. शाळेत मी कधी शिकवले नाही, तरी बाजार मला मास्तर म्हणतो. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला अर्जनवीस या पेठेत दुसरा नव्हता. स्वतःविषयी मात्र एक ओळ लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. ती आता आली आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग ओढवेल त्यांनी हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. मध्येच उठून जाणाऱ्यांसाठी तो लिहिलेला नाही.

प्रसंग

होळी होऊन गेली होती. रविवार असल्याने डेपो बंद आणि मी घरी. माझी पत्नी यशोदा नळावर गेली होती. चहा आपला आपण करून घ्यावा म्हणून मी पंपाचा स्टोव्ह पेटवला. तो फुरफुरू लागला, म्हणून पिन मारली, पंप दिला, पुन्हा दिला. पुढचा क्रम मला सांगता येत नाही. भडका उठला आणि धोतर पेटले, एवढे आठवते. दोन्ही मांड्या, पोट, छातीची उजवी बाजू आणि उजवा हात कोपरापर्यंत, असा जळालेल्या मालमत्तेचा तपशील आहे.

यशोदा धावत आली आणि तिने गोधडी टाकून आग विझवली. तिने आरडाओरडा केला नाही. तो मी केला. "शाई आण! शाई ओत!" असे मी ओरडत होतो.

भाजल्यावर शाई लावावी हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असते, आणि माझ्याइतकी शाई कोणाच्या घरात होती? पुडीतली भुकटी पाण्यात कालवून मी मोठी बाटली भरून ठेवत असे. ती अख्खी बाटली यशोदाने माझ्या अंगावर रिकामी केली. क्षणभर गार वाटले. दारात जमलेले शेजारी म्हणाले, "आता काय काळजी नाय, मास्तर." त्या शेजाऱ्यांची नावे मी लिहीत नाही. ती त्यांना ठाऊक आहेत.

जे कळण्यासाठी मला फार सोसावे लागले ते येथेच लिहून टाकतो. भाजलेल्या अंगावर शाई ओतू नका. हळद, शेण, खोबरेल, काहीही थापू नका. स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळा, उचला आणि न्या. वाटेत ज्ञान देणाऱ्यांना बाजूला सारा.

निळा माणूस

शेजाऱ्यांनी बाजेवर घालून मला छावणीतल्या इस्पितळात नेले. ते लष्करी लोकांसाठी होते. आमच्यासारख्यांना तेथून सहसा पुढची वाट दाखवत. डॉक्टर व्हरांड्यात आले. हुद्द्याने कॅप्टन, वयाने माझ्याहून बरेच लहान, आणि बोलण्यात आदब नावाला नाही.

"हा निळा माणूस कुठून आणलात?" हे त्यांचे पहिले वाक्य.

यशोदाने सांगितले.

"शाई? जळलंय कुठे आणि रंगलंय कुठे, हे आता मी कसं ओळखू? कातडी किती खोल गेलीय ते दिसायला तर हवं!"

"शाई औषधी असते," मी म्हणालो.

"हो का? मग मी कशाला हवा? दौत घेऊन घरी जा."

आयुष्यात माझ्याशी असे कोणी बोललेले नव्हते. कलेक्टर कचेरीतला शिरस्तेदारसुद्धा मला बसा म्हणतो. तरी त्यांनी मला आत घेतले, कारण पुण्यापर्यंत मी टिकेन असे त्यांना वाटले नाही. हे ते माझ्यासमोरच, मी म्हणजे एखादे फर्निचर असल्याप्रमाणे, इंग्रजीत बोलले. तेवढे इंग्रजी मला येते.

मग शाई धुतली. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

धुणे संपेपर्यंत, निरोप मिळून, मोशीहून माझा थोरला भाऊ सायकलीने येऊन पोचला. त्याला आम्ही दादा म्हणतो. डॉक्टरांनी त्याला आणि यशोदाला माझ्या खाटेपाशीच उभे करून सांगितले, की भाजलेल्या जागेतून अंगातले पाणी झिरपून जाते, रक्त दाट होते, नाडी बुडते. "आता हे बोलताहेत, वाद घालताहेत. संध्याकाळपर्यंत गप्प होतील. तसं व्हायला नको असेल तर प्लाझ्मा चढवावा लागेल."

"त्ये काय असतं?" दादाने विचारले.

"रक्तातला पिवळा, पाण्यासारखा भाग. वाळवून भुकटी करून ठेवलेला. पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायचा."

"कुणाच्या रगतातला?"

"पुष्कळांच्या. सगळ्यांचा एकत्र केलेला."

"पुष्कळांच्या म्हंजी कुणाकुणाच्या?"

"ते बाटलीला विचारा."

दादाने टोपी काढून पुन्हा घातली. "न्हाई चालायचं, सायेब. आमच्या घरात आजवर कुनी परक्याच्या ताटात जेवलं न्हाई. आन तुमी परक्याचं रगत घालनार व्हय? जिता ऱ्हायला तरी मानूस घरचा ऱ्हाईल का?"

"मग घरचं द्या. बाही वर करा."

दादाने बाही होती तेथून आणखी खाली ओढली. "माझं? मला शेतावर काम हाय."

माझी हरकत दादासारखी अडाणी नव्हती. ती तत्त्वाची होती. ज्या कागदावर देणाऱ्याचे नाव नाही तो कागद मी कधी खरा धरलेला नाही. कोणी दिले, कधी दिले, देताना त्याची प्रकृती कशी होती, यांपैकी एकही गोष्ट सांगता येत नसेल तर ती वस्तू घेणारा मूर्ख ठरतो. हे मी डॉक्टरांना मुद्देसूद सांगू लागलो.

"बोला, बोला," ते घड्याळाकडे पाहत म्हणाले. "तुमचंच पाणी चाललंय."

अंगठा

संमतीचा कागद घेऊन कारकून आला. माझा उजवा हात कापडात गुंडाळून उशीवर ठेवलेला होता. कारकुनाने तो पाहिला आणि शाईचा पॅड उघडून माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

"डाव्या हाताचा अंगठा द्या, चालेल."

माझ्या धंद्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. माझ्यासमोर जो माणूस बसतो त्याला लिहिता येत नाही. म्हणून तो माझ्यासमोर बसतो. मजकूर मी लिहितो, त्याचा अंगठा मी माझ्या हाताने धरतो, पॅडवर फिरवतो, कागदावर दाबतो, आणि बाजूला 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे सुवाच्य लिहितो. धरणारा आणि धरू देणारा यांच्यामध्ये जे अंतर असते, त्यावर मी उभा होतो. आणि हा कालचा पोर, हा कारकून, माझा अंगठा धरायला पुढे झाला.

"मी अंगठेबहाद्दर नाही," मी म्हणालो. "हात बरा झाला की सही करीन."

"हात बरा व्हायला आधी—" कारकून म्हणाला आणि थांबला.

"मी अंगठा देणार नाही. तसे लिहून घ्या."

दादा म्हणाला, "बघा. त्याचं बी मन न्हाई. ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर वळून निघाले. मला थंडी वाजू लागली होती, दात आपटत होते आणि घसा कोरडा पडला होता. तरीही मी जिंकलो आहे असेच मला वाटत होते.

तेवढ्यात यशोदा पुढे आली. दादांसमोर मान वर न करणारी ही बाई. पदर सावरून तिने कारकुनाला विचारले, "माझा चालतो का?"

"पत्नीचा चालतो."

"कुठे टेकवू?"

मी म्हणालो, "यशोदा, तुला कायदा कळत नाही. नवरा हयात असताना त्याच्या वतीने बायकोने—"

"हयात राहा, मग भांडा," ती म्हणाली, आणि तिने अंगठा टेकवला. पॅडवर तिने तो स्वतःच फिरवला. कोणाला हात धरू दिला नाही. "रोज जगाचे अंगठे दाबता, तेव्हा त्यांचं काय जातं हो?"

तिच्यावरचा माझा राग कित्येक दिवस गेला नाही. मी जगलो हे त्या अंगठ्यामुळे, हे मान्य करूनही गेला नाही.

बाटली

दोन बाटल्या आल्या. एकीत पाणी. दुसरीत फिकट पिवळा चुरा, डिंक कुटल्यासारखा. सिस्टरने एकीतले पाणी नळीने दुसरीत सोडले आणि ती बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवू लागली.

पुडीची शाई करताना बाटली जोराने हलवली तर फेस येतो आणि भुकटीच्या गुठळ्या राहतात. "हलवू नका," असे मी म्हणालो, पण आवाज उमटला की नाही कोण जाणे.

"हलवत नाही, मास्तर. बघा तरी," ती म्हणाली.

खरोखरच ती हलवत नव्हती. मी ज्या तऱ्हेने शाई फिरवतो त्याच तऱ्हेने फिरवत होती, आणि भुकटी विरून उसाच्या निवळलेल्या रसासारखा द्रव तयार झाला. त्या इस्पितळात ज्या व्यक्तीविरुद्ध माझी काही तक्रार नाही अशी ही एकच.

घोट्याजवळ शीर उघडून नळी बसवली. बाटली वर टांगली. थेंब पडू लागले. मला तहान एवढी लागली होती की टांगलेली बाटली तोंडाला लावावी असे वाटे, पण ओठ ओले करण्यापलीकडे पाणी देत नव्हते. माणसांचे चेहरे बारीक होत दूर गेले. भीती म्हणजे काय ते तेव्हा कळले. भीती वाटते तेव्हा ओरडता येते असा माझा समज होता. ओरडण्यासाठी लागणारी शक्तीच आधी जाते.

ऐकू मात्र येत होते. दादा दाराशी कोणाला तरी विचारत होता, "मोशीला न्यायचा म्हनलं तर गाडी मिळंल का? का हितंच उरकायचं?"

पहिली बाटली संपली, दुसरी लावली, मग आणखी. केव्हातरी पोटऱ्यांमध्ये ऊब शिरली. दात आपटायचे थांबले. चेहरे आपापल्या जागी आले. यशोदा पायाशी बसलेली होती. मी बोलून पाहिले, आणि आवाज निघाला.

"दादा, मी अजून ऐकतो आहे."

दादा बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही. पुढे महिनाभर मोशीत तो सांगत होता की योग्य वेळी डॉक्टरला त्यानेच तयार केले.

पट्ट्यांची गाडी

पुढच्या दिवसांचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. सकाळी पट्ट्यांची गाडी येई. तिचे एक चाक कुरकुरत असे, आणि ते ऐकूनच मला घाम फुटत असे. व्हॅसलिनच्या जाळीच्या पट्ट्या ओल्या करून सोडवत. मी ओरडत असे. ओरडू नये असे सांगणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ओरडावे. त्याने पट्टी लवकर सुटत नाही, पण गाडी ढकलणारा घाई करतो.

शेजारच्या खाटेवर हणमंता होता, डेपोतला हमाल, मराठवाड्याकडचा. पेटी पडून पाय मोडलेला. तो रोज माझी शिवीगाळ ऐकून खूश होत असे.

"मास्तर, आज लई कमी वरडले. बरं न्हाई का?"

"तुला तुझ्या पायाचे काम नाही का?"

"पायाला काय, तो टांगलाय. कानाला काम पायजे की."

त्याच्या बायकोने आणलेली भाकरी तो मला डाव्या हाताने खाता यावी म्हणून मोडून देई. वर चिडवीही: "आता तुमच्या अंगात पन्नास जनांचं रगत हाय. एखादा तरी चांगला असंल, म्हनून भाकरी घेता." त्या घरची भाकरी मी खाल्ली हे मोशीत कळले असते तर दादा पुन्हा सायकलीवरून आला असता.

भुकटीविषयी मी सिस्टरला विचारून घेतले. रक्त बाटलीत स्थिर ठेवले की तांबडे खाली बसते. वरचे पिवळे काढून घेतात, अनेकांचे एकत्र करतात, गोठवतात, आणि हवा काढून घेतलेल्या यंत्रात ठेवून त्यातले बर्फ पाणी न होऊ देता वाफेच्या रूपाने घालवतात. उरते ती भुकटी. तिला बर्फाची पेटी लागत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते, कोणाच्याही अंगात कोणाचीही चालते. मागच्या महायुद्धात ती ट्रकांत भरून नेत. मला दिलेल्या बाटल्या तशाच साठ्यातल्या होत्या. देणारे आता कोठे असतील, असतील की नसतील, हे तिला सांगता येईना.

"पण कोणीतरी सांगू शकेल?" मी विचारले.

"नाव घेऊन काय करणार, मास्तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे मिळाले.

कावीळ

घरी आलो. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आखडली ती आखडलीच, पण टाक धरता येऊ लागला. श्रावणात अन्नावरची वासना उडाली. यशोदाने माझे डोळे पाहिले आणि आरसा आणून दिला. डोळे त्या भुकटीच्या रंगाचे झाले होते.

दादा तत्काळ आला. असल्या वेळी त्याला शेतावर काम नसते. "मी म्हनलं हुतं का न्हाई? परक्याचं रगत! आता भोग." त्याने काविळीची माळ घालणारा बरोबर आणला होता. माळ जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरेल असे त्या गृहस्थाने सांगितले. माळ लांबत गेली. कावीळही वाढत गेली. मी माळ काढून दादाच्या सायकलीला अडकवली आणि टांगा करून छावणीत गेलो.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. "हं. होतं असं कधीकधी. देणाऱ्यांपैकी एकाला जरी कावीळ असली तरी ती सगळ्या मिश्रणात उतरते. महिन्यांनी दिसते."

"हे तुम्हाला ठाऊक होते?"

"होतं."

"मग त्या दिवशी सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी वाद घातला असता. तेवढा वेळ तुमच्यापाशी नव्हता."

"मला त्या माणसाचे नाव हवे आहे. मी तक्रार करणार आहे."

"कोणाविरुद्ध? ज्याने कावीळ दिली त्याच्या? त्याच बाटलीत त्याच्यासोबत इतर होते. त्यांचं काय करणार?"

मी त्या माणसाचा द्वेष केला, आजही करतो. अर्जात आधी 'प्रति' लिहावे लागते आणि पुढे ज्याला द्यायचे त्याचे नाव. तक्रारीसाठी मला नाव मिळेना, आणि उपकार फेडण्यासाठीही मिळेना. मी म्हणालो, "ठीक आहे. मला कोणाचे देणे ठेवायचे नाही. बरा झालो की माझे रक्त घ्या."

"तुमचं आता कोणालाच चालणार नाही," ते म्हणाले. "काविळीनंतर आम्ही घेत नाही."

म्हणजे दादाच्या रक्ताला शेतावर काम, आणि माझ्या रक्ताला कायमची बंदी. पडून राहायला सांगून त्यांनी मला परत पाठवले. यशोदाने भात, ताक आणि मनुका यांवर मला ठेवले. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परतवून लावले. दिवाळीपर्यंत डोळे पांढरे झाले.

बाजारचा दिवस

हे सगळे मी लिहिलेच नसते. पण परवा बाजारच्या दिवशी एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली. तिचा मुलगा रस्त्याच्या कामावर होता. डांबराची कढई उलटली आणि तो कमरेपासून खाली भाजला. त्याला छावणीतल्या इस्पितळात ठेवले होते.

"लिवा," ती म्हणाली, "की माज्या पोराला सोडा म्हून. त्ये परक्याचं रगत घालाया बघत्यात. त्यो शुद्धीत न्हाई. माझा आंगठा मागत्यात."

मागे चार माणसे ताटकळत होती. मी टाक हातात घेतला आणि तिला माझा हात दाखवला. पोटावरचा सदरा वर करून पोटही दाखवले. भर बाजारात. मग काविळीविषयीही सांगितले, काही न लपवता.

तिने सगळे ऐकून घेतले. "मंग त्ये चांगलं हाय का वंगाळ?"

"दोन्ही एकाच बाटलीत असते, आजी. निवडून घेता येत नाही."

"आन न्हाई घेतलं तर?"

"तर तुम्ही माझ्याकडे वारसाच्या अर्जासाठी पुन्हा याल. तो अर्ज मी लिहिणार नाही."

ती बसूनच राहिली. तिच्या मुलाचे पाणी तिकडे झिरपत होते आणि इकडे ही कडुलिंबाकडे पाहत होती. मी टाक पुसला, पेटी बंद केली. मागचे लोक ओरडले, "ओ मास्तर, आमी सकाळधरनं बसलोय!" मी त्यांना बसा म्हणालो, आणि म्हातारीला दंडाला धरून उठवले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात कॅप्टन उभेच होते. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "मास्तर! आज कसली हरकत?"

"तीच. देणाऱ्याचे नाव नाही, कावीळ होणार नाही याची हमी नाही. माझी हरकत कायम आहे, ती नोंदवून ठेवा. आणि पॅड इकडे करा, वेळ जातो आहे."

कारकुनाने कागद ठेवला. म्हातारीने अंगठा पुढे केला. "कुणाचं आसंल वो त्ये?" तिने विचारले. माझी दोन बोटे उघडत नाहीत, पण दुसऱ्याचा अंगठा धरण्यापुरता हात मला उरला आहे. मी तो धरला आणि टेकवला. आतल्या दाराशी सिस्टर कागदाची वाट न पाहताच दोन्ही तळव्यांमध्ये बाटली फिरवू लागली होती.